हाफ प्लेट ते फुल फ्रेम: उपनगरांतल्या लहानमोठ्या कॅमेऱ्यांचा इतिहास

फोटोग्राफीच्या पहिल्या पन्नास वर्षांत कॅमेऱ्याच्या आकारावर वाद घालायला फारशी जागा नव्हती. काचेच्या प्लेटवर जेवढी प्रतिमा उमटे, तेवढाच फोटो कागदावर येई. निगेटिव्ह कागदावर दाबून उन्हात ठेवायची आणि त्याच मापाची प्रत काढायची, हीच रीत होती. मोठा फोटो हवा तर प्लेट मोठी हवी, मोठ्या प्लेटला पेटी मोठी हवी आणि त्या पेटीला जड, लांब फोकल लेंथची लेन्स हवी. फुल प्लेट साडेसहा बाय साडेआठ इंचांची, हाफ प्लेट पावणेपाच बाय साडेसहाची, क्वार्टर प्लेट सव्वातीन बाय सव्वाचारची. गिऱ्हाइकाने किती पैसे मोजायचे आणि हमालाने किती वजन उचलायचे, हे या मापांवरच ठरत असे.

मुंबईत ही विद्या लवकर आली. लंडनची फोटोग्राफिक सोसायटी १८५३ची आणि मुंबईची १८५४ची, म्हणजे अंतर अवघ्या वर्षाचे. १८५५च्या सुमारास एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. हरिश्चंद्र चिंतामण तिथेच शिकून पुढे नावाजलेले व्यावसायिक फोटोग्राफर झाले. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही सोसायटीच्या कामात पुढे होते. त्या काळची पद्धत ओल्या प्लेटची होती. काचेवर कलोडियन ओतायचे, सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायचे आणि ती ओली असतानाच फोटो काढून लगेच डेव्हलप करायची. प्लेट वाळली की सगळे वाया. त्यामुळे बाहेर काम करणाऱ्याला अंधारा तंबू, रसायनांच्या बाटल्या, काचा आणि पाण्याची भांडी बरोबर न्यावी लागत. त्या काळी अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही साष्टी बेटावरची गावे होती. १८५३मध्ये ठाण्याची आगगाडी सुरू झाली आणि १८६७मध्ये विरारहून मुंबईला रोजची गाडी. बोरिवलीपर्यंत सामान रेल्वेने आले, तरी कान्हेरीच्या डोंगरात ते डोक्यावरूनच चढवावे लागणार.

लेण्यांच्या अंधारात मात्र लहान कॅमेऱ्याचा गुण फार लवकर दिसला. अजिंठ्यात आयुष्याची अनेक वर्षे घालवलेल्या मेजर रॉबर्ट गिल यांनी पश्चिम भारतातील वास्तूंची स्टिरिओस्कोपिक चित्रे घेतली आणि १८६४मध्ये अशा शंभर चित्रांचे पुस्तक निघाले. स्टिरिओ कॅमेऱ्यात शेजारी शेजारी दोन लहान चित्रे उमटतात आणि त्यांना आखूड फोकल लेंथची लेन्स पुरते. लेन्स आखूड असली की त्याच अॅपर्चरला जवळचा खांब आणि मागची भिंत दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट येतात. मोठ्या प्लेटवर तेवढीच स्पष्टता हवी तर अॅपर्चर खूप लहान करावे लागते आणि अंधाऱ्या लेण्यात एक्स्पोजर मिनिटांवर मिनिटे लांबते. आजही हौशी मंडळी लहान सेन्सरच्या बाजूने बोलताना हेच गणित मांडतात, फक्त आकडे बदललेले असतात.

तयार सुक्या प्लेट बाजारात आल्या तशी तंबूची कटकट संपली आणि गावोगाव स्टुडिओ निघाले. उपनगरांत ते खऱ्या अर्थाने आले वस्ती वाढल्यावर. बृहन्मुंबईची हद्द १९५०मध्ये जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंत गेली, १९५७मध्ये दहिसर आणि मुलुंडपर्यंत. स्टेशनबाहेरच्या रस्त्यावर किराणा, दवाखाना, शिंपी यांच्या रांगेत फोटो स्टुडिओ हमखास असे. आत पडद्यावर रंगवलेला बगीचा, एक खुर्ची, एक तिपाई आणि लाकडी चौकटीचा भाता असलेला हाफ प्लेट कॅमेरा. असे कॅमेरे विलायतेहून येत आणि १९४०च्या दशकापासून केरळातल्या आलप्पुळ्यात बनलेला 'वागीश्वरी' हा देशी कॅमेराही स्टुडिओंत रुळला.

या कॅमेऱ्यावर फोटोग्राफर काळे फडके डोक्यावर घेई. मागच्या घाशीव काचेवर समोरच्या माणसाची प्रतिमा उलटी, डोके खाली पाय वर अशी दिसे. भाता पुढेमागे करून फोकस साधला की काचेच्या जागी प्लेटची 'स्लाइड' सरकवायची, तिचे झाकण उपसायचे, गिऱ्हाइकाला हलू नका म्हणून बजावायचे आणि लेन्सवरची टोपी काढून पुन्हा लावायची. यात एक अडचण अशी की प्लेट आत गेल्यावर फोटोग्राफरला काचेवर काहीच दिसत नसे. तेवढ्यात मूल हलले तर ते निगेटिव्ह धुतल्यावरच कळे.

छोटे कॅमेरे केव्हाच बाजारात आले होते, तरी स्टुडिओवाल्यांनी हाफ प्लेट सोडली नाही. त्याचे कारण सवयीपेक्षा पेन्सिलीत होते. निगेटिव्ह धुऊन वाळली की रिटचिंग करणारा ती उजेडासमोरच्या तिरक्या काचेवर ठेवी आणि अणकुचीदार पेन्सिलीने चेहऱ्यावरचे खड्डे, डोळ्यांखालची काळी वर्तुळे, देवीचे व्रण एकेक ठिपक्याने भरून काढी. मुलगी दाखवण्यासाठी काढलेल्या फोटोत हे काम फार महत्त्वाचे. हाफ प्लेटवर चेहरा अंगठ्याच्या पेराएवढा असेल तर पेन्सिल चालते. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर तोच चेहरा तांदळाएवढा येतो, तिथे पेन्सिल काय करणार? ज्या धंद्यात चेहरा सुधारून देण्याचे पैसे मिळत, त्या धंद्याने मोठी निगेटिव्ह शेवटपर्यंत धरून ठेवली.

छोट्या कॅमेऱ्याचे माप आले सिनेमातून. ऑस्कर बर्नाक यांनी सिनेमाची ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म उभी न चालवता आडवी चालवली आणि सिनेमाच्या १८ बाय २४ मिलिमीटरच्या चौकटीची दुप्पट करून २४ बाय ३६ची चौकट घेतली. हा कॅमेरा 'लायका' नावाने १९२५मध्ये लाइपझिगच्या जत्रेत लोकांसमोर आला. मुंबईच्या उपनगरांत तर कॅमेऱ्यांच्या आकाराची गोष्ट सिनेमाशिवाय सांगताच येत नाही. दादासाहेब फाळकेही आधी फोटोग्राफर होते, मग सिनेमाकडे वळले. विलायतेहून आणलेला त्यांचा विल्यमसन कॅमेराही याच फिल्मवर चाले.

१९३४मध्ये हिमांशू राय आणि देविका राणी यांनी मालाडला बॉम्बे टॉकीज उभी केली. दिग्दर्शक फ्रान्झ ओस्टेन आणि कॅमेरामन योसेफ विर्शिंग हे दोघेही जर्मन होते आणि १९२५च्या 'प्रेम संन्यास'पासून भारताशी जोडलेले होते. १९३६च्या 'अछूत कन्या'तला छायाप्रकाश विर्शिंग यांचा. चित्रीकरण करता करता त्यांनी स्थिर छायाचित्रेही पुष्कळ काढली. सेट, तारका, दिवे लावणारे कामगार असे बरेच काही त्यांत आहे. २०१७मध्ये गोव्यात त्यांचे प्रदर्शन भरले तेव्हा सिनेमाच्या अभ्यासकांना मोठा खजिना सापडला. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर हे जर्मन तंत्रज्ञ स्थानबद्ध झाले. विर्शिंग युद्धानंतर परत कामाला लागले आणि १९४९चा 'महल' त्यांनीच चित्रित केला.

सिनेमाच्या स्टुडिओत स्थिर छायाचित्रांसाठी वेगळा माणूस ठेवावा लागे, आणि त्याला कारण चौकटीच्या मापाचेच होते. बोलपटाच्या चालत्या फिल्मवरची एक चौकट जेमतेम १६ बाय २२ मिलिमीटरची. पडद्यावर सेकंदाला चोवीस चौकटी सरकतात म्हणून तिचा दाणा डोळ्याला खटकत नाही. तीच एक चौकट काढून थिएटरच्या दर्शनी कपाटासाठी मोठी केली की ती ढेपाळते. म्हणून सिनेमाचा कॅमेरा थांबल्यावर 'स्टिल'वाला पुढे येई, नटनटी पुन्हा त्याच पोझमध्ये उभे राहत आणि मोठ्या निगेटिव्हवर फोटो निघे. वर्तमानपत्रांचेही तसेच होते. १९३०च्या दशकाअखेर मुंबईत फोटो काढू लागलेल्या होमाई व्यारावाला यांच्या हातात चार बाय पाच इंची स्पीड ग्राफिक आणि रोलीफ्लेक्स दिसतात. छापखान्याला ब्लॉक करायला मोठी निगेटिव्ह बरी पडे.

घरगुती हौसेचे माप वेगळे होते. १९०१पासून मिळणारा १२० नंबरचा रोल आणि १९२९मध्ये आलेला दोन लेन्सचा रोलीफ्लेक्स यांनी सहा बाय सहा सेंटिमीटरची चौकोनी निगेटिव्ह रूढ केली. रोलीफ्लेक्स परवडणारे थोडे. त्याच घाटणीचे याशिका मात्र लग्नाच्या फोटोग्राफरांच्या गळ्यात वर्षानुवर्षे लटकले. छातीशी धरून वरून पाहायचे, आणि तिथे डावीकडचे उजवीकडे दिसते. नवरदेवाला 'जरा इकडे सरका' म्हणताना नवशिके हमखास चुकत. सामान्य घरात आला तो आग्फा क्लिक थ्री. न्यू इंडिया इंडस्ट्रीजच्या बडोद्याच्या कारखान्यात तो बने. साधी लेन्स, ऊन आणि ढग अशा दोन-तीन खुणा, एका रोलमध्ये बारा फोटो. मागे एक तांबडी गोल खिडकी होती. रोल फिरवताना तिच्यात फिल्मच्या पाठकागदावरचा आकडा दिसेपर्यंत थांबायचे; आकडा पुढे गेला की एक फोटो बुडाला. त्याचा भाऊ आयसोली चार बाय चार सेंटिमीटरची निगेटिव्ह काढी आणि त्याच रोलवर सोळा फोटो बसवी. काटकसरी कुटुंबांत ही चार फोटोंची बचत मोठी समजली जाई.

रोल धुवायला दिला की दुकानदार निगेटिव्हच्याच मापाची प्रत काढून देई. सव्वादोन इंची चौकोनी, कधी नक्षीदार कडेची. काळ्या पानांच्या अल्बममध्ये कोपऱ्यांत बसवलेले हे छोटे फोटो अजून कित्येक घरांत आहेत. यामुळे एक गोष्ट झाकली गेली: क्लिक थ्रीची लेन्स काही उत्तम नव्हती, पण फोटो कधी मोठाच केला जात नसल्याने तिची उणीव कोणाला जाणवली नाही.

फोटो मोठा करण्याची खटपट करणारे दुसरे लोक होते. मुंबईत १९३७मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. अशा संस्थांच्या सलोनला, म्हणजे स्पर्धा-प्रदर्शनाला, साधारण १२ बाय १५ इंची प्रिंट पाठवावी लागे. त्या मापापर्यंत जायला हाफ प्लेट अडीच पट वाढवावी लागते, सहा बाय सहा सुमारे सात पट आणि ३५ मिलिमीटरची चौकट तेरा पट. तेरा पटीत फिल्मचा दाणा, फोकसची किंचित चूक आणि निगेटिव्हवरचा धुळीचा एक कण, सगळे वर येते. छोट्या कॅमेऱ्याविरुद्ध जुन्या मंडळींची तक्रार हीच होती आणि ती रास्त होती. छोट्या कॅमेऱ्याच्या बाजूनेही सांगण्यासारखे पुष्कळ होते. लोकलच्या दुसऱ्या वर्गात तो शबनममध्ये मावतो, एका रोलमध्ये छत्तीस फोटो देतो आणि लेन्स बदलता येतात.

उपनगरांतल्या वन रूम किचनमध्ये डार्करूम म्हणजे रात्रीची मोरी. खिडकीला काळा कागद, तांबडा दिवा, कपडे धुण्याच्या दगडावर फळी आणि त्यावर एन्लार्जर. ३५ मिलिमीटरचा एन्लार्जर खाटेखाली सरकतो. सहा बाय सहाचा उंच आणि वजनदार असतो. ब्रोमाइड कागद वाहत्या पाण्यात तासभर धुवावा लागतो आणि नळाला पाणी ठरावीक वेळीच येते, म्हणून धुण्याचे काम पहाटेवर ढकलले जाई. कॅमेरा निवडताना या अडचणींचाही हिशेब असे, हे दुकानातल्या जाहिरातींत कुठे लिहिलेले नसे.

माल मिळणे हाही प्रश्नच होता. आयातीवर निर्बंध आणि जबर कर, त्यामुळे पेंटॅक्स, कॅनन, निकॉन आखातातून परतणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेतून येत, नाहीतर मनीष मार्केटसारख्या ठिकाणाहून. फोर्टमधल्या जुन्या दुकानांत वापरलेला माल मिळे. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सने १९६७पासून 'इंदू' नावाने देशी फिल्म काढली. सिनेमाच्या मोठ्या रिळातली फिल्म कापून जुन्या डब्यांत भरण्याची युक्तीही चाले. दोन्हींची रुंदी एकच, भोकेही त्याच अंतरावर. लायकाने सिनेमाकडून घेतलेले माप असे गरजेपोटी पुन्हा सिनेमाला जाऊन मिळे.

स्टुडिओंच्या अंधेरीत, म्हणजे मोहन, प्रकाश, फिल्मालय, नटराज यांच्या काळात, कॅमेरा विभागातल्या मदतनिसांना जे तोंडपाठ होते ते हौशी लोकांना डिजिटल आल्यावर नव्याने शिकावे लागले. तीच ५० मिलिमीटरची लेन्स स्थिर कॅमेऱ्यावर 'नॉर्मल' दिसते आणि सिनेमाच्या कॅमेऱ्यावर थोडी जवळची. लेन्स बदललेली नसते. चौकट लहान असल्याने तिच्या चित्रातला मधला भागच घेतला जातो. ढोबळ नियम असा की चौकटीच्या कर्णाएवढी फोकल लेंथ डोळ्याला सहज वाटते. हाफ प्लेटला ती आठ इंच, सहा बाय सहाला ७५ ते ८०, २४ बाय ३६ला हिशेबाने ४३ आणि रिवाजाने ५० मिलिमीटर.

पडदा रुंद झाला तेव्हा फिल्म तीच राहिली, बदलली लेन्स. सिनेमास्कोपची लेन्स चित्र आडव्या दिशेने निम्मे दाबून फिल्मवर घेते आणि प्रोजेक्टर ते पुन्हा पसरवतो. गुरुदत्त यांचा १९५९चा 'कागज के फूल' हा भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट, कॅमेरा व्ही. के. मूर्ती यांचा. कमाल अमरोहींचा 'पाकीजा' कृष्णधवल सुरू झाला आणि पुढे रंगीत सिनेमास्कोप झाला. त्याचे काम चालू असतानाच १९६७मध्ये त्याचे कॅमेरामन विर्शिंग वारले, आणि इतरांनी पुरा केलेला चित्रपट १९७२मध्ये लागला. सिनेमास्कोपच्या लेन्सचा फोकस नाजूक असतो. म्हणून सेटवर फोकस सांभाळणारा मदतनीस टेप घेऊन नटाच्या डोळ्यापर्यंतचे अंतर मोजतो आणि जमिनीवर खडूने खूण करतो. १९७५चा 'शोले' ७० मिलिमीटरचा म्हणून गाजला, पण चित्रीकरण ३५ मिलिमीटरवरच झाले होते. ७० मिलिमीटरच्या प्रती नंतर मोठ्या करून काढल्या. एन्लार्जरवर सलोनचा हौशी जे करी तेच इथे मोठ्या प्रमाणावर झाले.

नव्वदच्या दशकात कोपऱ्याकोपऱ्यावर रंगीत लॅब आल्या आणि चार बाय सहा इंची 'मॅक्सी' प्रिंट सर्वमान्य झाली. तेवढ्या मापाला कोडॅकचा केबी-१० देखील पुरेसा होता. मोठ्या निगेटिव्हचा आग्रह लग्न आणि जाहिरातींपुरता उरला. डिजिटल आल्यावर मात्र मोजमाप पुन्हा २४ बाय ३६ला येऊन टेकले. या मापाचा सेन्सर तो 'फुल फ्रेम', त्याहून लहान, सुमारे १६ बाय २४चा तो 'क्रॉप', आणि १३ बाय १७चा मायक्रो फोर थर्ड्स, ज्याचे क्षेत्रफळ फुल फ्रेमच्या चौथाईच्या आसपास भरते. २००८मध्ये कॅननचा फाइव्ह डी मार्क टू फुल फ्रेमवर व्हिडिओ घेऊ लागला, तेव्हा स्थिर फोटोंचा कॅमेरा अंधेरीच्या शूटिंगवर थेट सिनेमाचे काम करू लागला. त्याचा सेन्सर सिनेमाच्या नेहमीच्या चौकटीहून मोठा, त्यामुळे पार्श्वभूमी अधिक धूसर येई. लघुपट करणाऱ्यांना ते एकदम आवडले, फोकस सांभाळणाऱ्यांना अजिबात नाही. अंधेरी पश्चिमेच्या औद्योगिक गाळ्यांतून कॅमेरे आणि लेन्स दिवसावर भाड्याने मिळतात. महागड्या कॅमेऱ्याबरोबर मालकाचा अटेंडंट येतो आणि सामान त्याच्या नजरेखालीच राहते. जुन्या कॅमेऱ्यांचे काय होते, याचे टोकाचे उदाहरण मुंबईच्या दिलीश पारेख यांचे: ४,४२५ कॅमेऱ्यांच्या संग्रहासाठी त्यांचे नाव गिनीज बुकात गेले.

लहान की मोठा हा वाद आज सर्वांत तावातावाने चालतो तो पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांत. मुलुंडजवळचे भांडुप पंपिंग स्टेशन आणि पलीकडची ऐरोली ही त्यांची ठिकाणे. ठाणे खाडीला २०१५मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२मध्ये रामसर यादीत स्थान. क्रॉप सेन्सरवर ४०० मिलिमीटरची लेन्स फुल फ्रेमवरच्या ६००इतकी जवळ आणते. मायक्रो फोर थर्ड्सवर ३०० पुरते. वजन आणि किंमत निम्म्याहून खाली येते, पण पहाटेच्या अंधुक उजेडात लहान सेन्सरवर दाणा लवकर दिसू लागतो. ६०० मिलिमीटरची मोठी प्राइम लेन्स ट्रायपॉडवर शोभते, पण फ्लेमिंगो पाहायला खाडीत नेणाऱ्या हलत्या बोटीत ट्रायपॉडचा उपयोग नाही, म्हणून हातात धरता येणारी १५०–६००ची झूम तिथे जास्त दिसते.

या भागातला जगभर गाजलेला फोटो मात्र लांब लेन्सचा नाही. नयन खानोलकर यांना २०१६च्या वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर स्पर्धेत शहरी विभागाचा पहिला पुरस्कार मिळाला तो आरे कॉलनीतल्या वारली पाड्याच्या बोळातून जाणाऱ्या बिबट्याच्या चित्राला. कॅमेरा आधीच लावून ठेवलेला, फ्लॅशचा उजेड बोळातल्या नेहमीच्या दिव्यासारखा जमवलेला, आणि चौकट इतकी रुंद की बिबट्याइतकीच घरेही दिसावीत.

खाडीवर मात्र सेन्सर आणि लेन्सपेक्षाही वेळेला महत्त्व असते. बोटींचे वेळापत्रक भरती-ओहोटीवर असते. ओहोटीला पाणी हटले की बोट जवळ जात नाही आणि थवे दूर चिखलावर पांगतात. भरती दुपारची असली तर उन्हाने तापलेली हवा थरथरू लागते. मग पाचशे मीटरवरचा फ्लेमिंगो फुल फ्रेमवर घ्या की मायक्रो फोर थर्ड्सवर, त्याची कड तुटकच येते. म्हणून जाणती मंडळी सेन्सरच्या आधी भरतीचा तक्ता पाहतात, सकाळची भरती असलेला रविवार निवडतात आणि लेन्स शनिवारी संध्याकाळीच भाड्याने उचलतात.